जुनं स्केटिंग रिंक आणि सिमेंटचे रॅम्प: उखडायचं, की डागडुजी? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेत बारा-पंधरा वर्षं जुनं स्केटिंग रिंक आहे. ३० बाय १५ मीटरचा कोबा, लांबीच्या दोन्ही टोकांना समोरासमोर चार फूट उंचीचे सिमेंटचे गोलाईदार रॅम्प, एका बाजूला सरळ उतार, लोखंडी अँगल बसवलेला एक कट्टा आणि एक रेल. सकाळी चारचाकी स्केट्सचा क्लास भरतो, संध्याकाळी बोर्डवाली पोरं येतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ ला झालेल्या) स्केटबोर्डिंग आल्यापासून बोर्डवाल्यांची गर्दी वाढलीय.

सध्याची अवस्था अशी: निंबाच्या झाडाकडच्या कोपऱ्यात साधारण ३ बाय ४ मीटरचा तुकडा खचलाय, तड्याच्या एका बाजूला २२ मिमी खाली. मधल्या भागात केसासारखे जाळीदार तडे. पूर्वेच्या रॅम्पच्या पायथ्याशी पावसानंतर दोन-तीन दिवस पाणी साचून राहतं. त्याच रॅम्पच्या माथ्यावरच्या पाइपाखालचं सिमेंट फुटलंय. कट्ट्याचा अँगल हाताने हलतो.

कॉलनीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळं उखडून नवीन करा, निधी येईल तेव्हा येईल. दुसरा म्हणतो, वरून दोन इंच सिमेंट ओता, रंग मारा, विषय संपला. यातलं काय ठेवण्यासारखं आहे, काय नाही, आणि आपल्याकडचं ऊन, काळी माती, नळाला चार-पाच दिवसांआड येणारं पाणी हे सगळं धरून काय टिकेल? जाणकारांनी सांगावं.

कोबाघोटाई

आधी त्या दोन इंचांबद्दल, कारण ते एकदा ओतलं की मागे फिरता येत नाही.

रॅम्पची गोलाई पायथ्याशी जमिनीला सपाट मिळते, म्हणून चाक धक्का न खाता वर चढतं. चार फुटी रॅम्पची त्रिज्या साधारण २.१ मीटर असते. जमीन ५० मिमीने उचललीत, तर गोलाईचा खालचा सपाट भाग गाडला जातो आणि चाकाला तिथे साडेबारा अंशांचा कोपरा लागतो. बोर्ड तिथे ठेचकाळणार आणि मूल पुढे फेकलं जाणार. दोन्ही रॅम्प एका दिवसात निकामी करायचे असतील तर हा उपाय उत्तम! शिवाय खालचा तडा हलता असेल तर नव्या थरात तो वर्षाच्या आत त्याच रेघेवर उमटतो.

सगळं उखडणंही गरजेचं दिसत नाही. तुमच्या यादीत तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्हींना एकच औषध चालणार नाही.

जाळीदार तडे वरवरचे असतात, दोन-तीन मिमी खोल. कोबा घोटताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं, किंवा पाणी शिंपडून थापी फिरवली, की वरचा थर खालच्यापेक्षा जास्त आकसतो आणि जाळी पडते. बघायला वाईट, स्केटिंगला निरुपद्रवी. फक्त धूळ सुटते का बघा. काळं कापड पाच-सहा वेळा घासा. पांढरं झालं तर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचा लिक्विड हार्डनर दोन हात द्या. तो आत जिरतो, पृष्ठभागावर थर बनवत नाही.

दुसरं, हातोडीने अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ठोकत सगळं रिंक पालथं घाला. खणखणीत आवाज आला तर कोबा खालच्या पीसीसीला (सळईविना साध्या काँक्रीटला) धरून आहे. बद आवाज आला तर सुटलाय. खडूने घेर मारून ठेवा. सुटलेला भाग तेवढाच चौकोनी कापून काढायचा.

तिसरा आजार खरा: खचलेला कोपरा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. स्लॅबच्या मधोमध ओलावा फारसा बदलत नाही, कडेला मात्र बदलतो, म्हणून कडाच आधी मोडतात. त्यात निंब उन्हाळ्यात कडेखालचं उरलंसुरलं पाणी ओढून घेतो. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, रुंदी आणि उंचीतला फरक तारखेसह लिहून ठेवा, आता एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. आकडा बदलला नाही तर माती बसून घेतलीय, वर-खाली झाला तर माती अजून श्वास घेतेय. हे कळल्याशिवाय त्या कोपऱ्यात एक पाटी सिमेंटसुद्धा टाकू नका.

गुडघेफुटे

बोर्डवाल्यांच्या बाजूने थोडं बोलतो. जुन्या पार्कला नावं ठेवणं सोपं आहे, पण चार फुटी मवाळ गोलाईचे दोन रॅम्प, मध्ये भरपूर सपाट जागा, कमी उंचीचा कट्टा… शिकणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. नवीन बांधताना लोक हमखास आठ-आठ फुटी भिंती मागतात, आणि मग तिथे चार जण स्केटिंग करतात, चाळीस जण मोबाइलवर शूटिंग. फ्लोरिडातलं कोना स्केटपार्क १९७७ पासून चालू आहे. लंडनजवळच्या हॉर्नचर्चमधलं १९७८ चं रॉम तर २०१४ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेलं. गोलाई बरोबर असेल तर काँक्रीटचं वय आड येत नाही.

गोलाई बरोबर आहे का ते तपासा. ६ मिमी प्लायवर खिळा-दोरीने २.१ मीटर त्रिज्येची कमान आखा, जिगसॉने कापा आणि तो साचा रॅम्पवर दर अर्ध्या मीटरवर उभा धरा. साचा आणि सिमेंट यांच्यात पाच मिमीपर्यंत फट असेल तर पायाला कळतही नाही. दहाच्या वर खड्डा किंवा उंचवटा असेल, आणि तो माथ्याजवळ असेल, तर वाईट, कारण तिथे चढ सर्वांत खडा असतो आणि वेग संपलेला असतो. मुळात तुमच्या रॅम्पची त्रिज्या २.१ पेक्षा वेगळी असू शकते. सगळीकडे एकसारखी फट येत असेल तर दोष रॅम्पचा नाही, साचा बदला.

तोट्यांपैकी एक कोणी लिहिला नाही, रॅम्पवरचा फलाट. त्याची खोली किती आहे? १.२ मीटरपेक्षा कमी असेल तर एक जण उतरायच्या तयारीत उभा असताना दुसरा वर येऊन थांबू शकत नाही, आणि मागे कठडा नसेल तर चार फुटांवरून पाठीवर पडायची सोय आहे. दुरुस्तीत पहिला पैसा तिथे घाला, रंगात नको. मागच्या बाजूला निदान १ मीटर उंचीचा पाइपाचा कठडा, खांब १.५ मीटरवर.

रॅम्पमधलं अंतर मोठं आहे, त्यामुळे एका रॅम्पवरून दुसऱ्यावर जाताना मध्ये एकदा तरी पाय मारावा लागणार. ते चालतं. पण त्याच सपाटीवर क्लासची मुलं गोल फिरत असतील तर टक्कर ठरलेली, म्हणून वेळा वेगळ्या ठेवा.

चाकांबद्दल: खडबडीत जुन्या कोब्यावर ९९ए किंवा १०१ए ची कडक चाकं (आकडा कडकपणाचा, जितका मोठा तितकं चाक कडक) दात खिळखिळे करतात. ५६ ते ६० मिमी, ७८ए ते ८७ए ची मऊ चाकं घ्या, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील. घसरून करायच्या ट्रिक्स मऊ चाकांवर जड जातात हे खरं, पण त्या करणारी पोरं स्वतःची चाकं स्वतः निवडतात.

निवांतनवीपेठ

एवढा उपद्व्याप कशाला? कारखान्यात मारतात तसा एपॉक्सी फ्लोअर मारा, सगळं आरशासारखं गुळगुळीत. नाहीतर शहाबादी फरशी. आपल्याकडे स्वस्त आणि आयुष्यभर टिकणारी.

आठचाकी_ताई

दादा, शहाबादी अंगणात छान. रिंकवर दर दोन फुटांवर सांधा येतो, आणि प्रत्येक सांध्यावर चाक टकटकतं. दोन फरशांच्या उंचीत दोन मिमी फरक पडला तरी चारचाकी स्केटचं पुढचं चाक अडतं. काळ्या मातीवर तो फरक पहिल्याच पावसाळ्यात पडणार.

चकचकीत एपॉक्सी क्लाससाठी त्याहून धोक्याची. कोरड्या, स्वच्छ फरशीवर पकड ठीक असते, पण त्यावर बारीक धूळ बसली की चाक वळणावर सुटतं, आणि धूळ सोलापुरात कुठे नसते? साधी एपॉक्सी उन्हात पिवळी पडून भुकटी धरते, ती घराच्या आतल्या जागेची वस्तू आहे. रंग द्यायचाच असेल तर टेनिस कोर्टावर वापरतात तो वाळूमिश्रित अ‍ॅक्रिलिक द्या, तोही फक्त सपाटीवर, आणि तडे-पाण्याचं काम पूर्ण झाल्यावरच. रॅम्पच्या गोलाईला कुठलाही रंग नको.

वेळांबद्दल बोर्डवाल्या दादांशी सहमत. क्लास डावीकडे वळत, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतो, स्पीड स्केटिंगची शर्यतही तशीच असते. बोर्ड मात्र लांबीच्या रेषेत पुढे-मागे जातात. दोन्ही एकत्र असतील तर कोण कुठून येईल याचा अंदाज लहान मुलाला येत नाही. उन्हाळ्यात वेळ तरी कुठे असते? सकाळी नऊनंतर फरशी तापते, संध्याकाळी सहाशिवाय मुलांना उतरवता येत नाही. म्हणजे जो काही भांडणाचा वेळ आहे तो दिव्यांचा. जुने दिवे कमी उंचीवर असतील तर वळणावर थेट डोळ्यात येतात. खांब ६ मीटरचे तरी हवेत, दोन विरुद्ध बाजूंना, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. ओल्या रिंकवर लोखंडी खांबात करंट उतरला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आणि पालकांना एक: मोटरसायकलचं हेल्मेट घालून मुलं पाठवू नका. ते जड असतं, मान आणि कान अडवतं. स्केटिंगचं वेगळं मिळतं, कपाळावर दोन बोटं जागा ठेवून बसणारं. मनगटाचे गार्ड गुडघ्याच्या पॅडइतकेच महत्त्वाचे, कारण पडताना हात आधी टेकतो.

एमआयडीसी_फॅब

पाइप आणि अँगलचं मी सांगतो.

माथ्यावरचा पाइप म्हणजे ५० एनबी, बाहेरून ६०.३ मिमी. तो फलाटाच्या वर १० मिमी आणि गोलाईच्या पुढे ६ मिमी डोकावला पाहिजे. तुमच्याकडे खालचं सिमेंट फुटलंय, म्हणजे आता तो २०-२५ मिमी डोकावत असणार. परत खाली येताना बोर्डचा ट्रक (बोर्डाखालचा, चाकं धरणारा धातूचा आस) त्याला अडकतो, आणि माणूस डोक्यावर उतरतो. खेळ बंद ठेवायचा असेल तर तो रॅम्प आत्ताच बंद ठेवा, बाकीचं नंतर.

फुटायचं कारण गंज. पाइपाची टोकं उघडी असतात, पाणी आत राहतं, लोखंड गंजलं की फुगतं आणि पुढचा पातळ ओठ उडवून टाकतं. म्हणून नुसतं सिमेंट थापून उपयोग नाही. पाइप ठोकून बघा. भिंत पातळ झाली असेल, कुठे भोक असेल, तर बदला. नवीन घेताना काळा एमएस पाइप, सी क्लास, ४.५ मिमी भिंतीचा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो, आणि जस्त नंतर ट्रकच्या घासण्याने निघूनच जातं.

पाइपाखाली १०० मिमी पट्टी ग्राइंडरने सरळ रेघेत कापायची, ४० मिमी खोल. कड तिरकी किंवा शून्यावर उतरणारी ठेवली तर नवं सिमेंट तिथून पापडासारखं सुटतं. आतली सळई तारेच्या ब्रशने चकचकीत करून झिंक प्रायमर. पाइपाला खालच्या बाजूने दर ५०० मिमीवर १० मिमी सळईचा पाय वेल्ड करा, जुन्या काँक्रीटमध्ये १४ मिमीचं भोक १०० मिमी खोल पाडून, फुंकून, इपॉक्सी अँकरने बसवा. वेल्डिंग जमिनीवर आधी उरका. काँक्रीटमध्ये बसलेल्या लोखंडावर सलग वेल्ड मारला तर उष्णतेने काँक्रीट तडकतं. मारायचाच झाला तर इंच-इंच टाके, मध्ये थंड होऊ देऊन. मग ६ मिमी प्लाय गोलाईला वाकवून साचा लावायचा आणि नॉन-श्रिंक ग्राउट किंवा मायक्रोकाँक्रीट ओतायचं. टोकांना ३ मिमी पत्र्याच्या टोप्या वेल्ड करा. ही टोपी विसरली तर पाच-सहा वर्षांनी परत हेच.

कट्ट्याचा अँगल हलतोय, म्हणजे मागे पोकळी आहे. वरून स्क्रू मारायच्या फंदात पडू नका. डोकी वर येतात आणि बोर्ड थबकतो. अँगल काढा, ५० × ५० × ६ चा असेल तर तोच चालेल, आतल्या कोपऱ्यात ३०० मिमीवर इंग्रजी यू आकाराच्या ८ मिमी सळया वेल्ड करा, कट्ट्याची कड तेवढी फोडून अँगल पातळीत बसवा आणि मागे ग्राउट भरा. भरताना अँगलला वरून तीन-चार ६ मिमीची भोकं ठेवा, हवा निघायला, नंतर वेल्डने भरून घासून घ्या. लोखंड काँक्रीटच्या वर एक-दोन मिमी असावं, खाली तर अजिबात नको. खाली गेलं की काँक्रीटची कड मार खाते.

बोर्ड घसरावा म्हणून मेणबत्ती घासता, ती फक्त अँगलवर घासा. पायथ्याच्या जमिनीवर मेण पडलं तर सकाळच्या क्लासमधलं पोर आपटणार, आणि ताई मला बोलणार.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे आभार. धागा वर काढतोय, कारण पावसाळा संपला आणि मापं हातात आली. खचलेल्या कोपऱ्यातला फरक मेअखेर २२ मिमी होता, आता १७. म्हणजे कोबाघोटाई म्हणतात तसं, माती अजून हलतेय.

पोकळ आवाज फक्त दोन जागी, मिळून चार चौरस मीटर. रॅम्पवर साचा लावला. पूर्वेचा पाच मिमीच्या आत, पश्चिमेच्या माथ्याजवळ १५ मिमीचा फुगवटा, एक मीटर रुंदीत. पूर्वेच्या पायथ्याला पाणी निघायची जाळी आहे, पण ती निंबाच्या पानांनी आणि मातीने गच्च भरलेली. खालचा पाइप कुठे जातो कोणालाच माहीत नाही. फलाट ९० सेंमी, मागे कठडा नाही. मधल्या सांध्यांतल्या काचेच्या पट्ट्यांजवळ कोबा खपल्या धरून उडालाय, तिथे मागे कोणीतरी सिमेंट भरलं होतं.

आता क्रम कसा लावू? आणि कोपरा बांधायचा तर माल किती?

कोबाघोटाई

मापं छान घेतलीत. पाच मिमी बदल म्हणजे माती जिवंत आहे. क्रम सरळ आहे: पाणी, कोपरा, लोखंड, तडे. रंग सर्वांत शेवटी, किंवा कधीच नाही.

पाणी. जाळी उघडा, पाइपात बांबू किंवा स्प्रिंग घाला. दहा मीटरच्या आत बाहेर निघाला तर ठीक, नाहीतर पाइप फुटून सगळं पाणी स्लॅबखालीच मुरत असणार. तसं असेल तर तो बुजवा आणि रॅम्पच्या कडेने नवा ११० मिमी पीव्हीसी पाइप टाका, उतार १०० ला १. जाळीच्या आधी काढता येईल अशी बादली ठेवा, पानं तिथे अडतील. मग रिंकभोवती १.२ मीटर रुंदीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार, खाली २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद. हा पट्टा दिसायला क्षुल्लक, पण कडेखालचा ओलावा वर्षभर सारखा ठेवण्याचं काम तोच करतो. सप्टेंबरच्या पावसाचं पाणी कडेने आत उतरलं नाही, तर पुढची दहा वर्षं शांततेत जातील.

कोपरा. ३ बाय ४ मीटरचा तुकडा कटरने सरळ कापून काढा, काळी माती ७२५ मिमी खोल उपसा, बाहेरच्या कडांना अर्धा मीटर जास्त. निंबाची जाड मुळं तोडू नका. झाडाला हात लावायचाच झाला तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. तोडायची गरजही नाही; मुळांना वळसा घालून खोदता येतं.

भरावात १५० मिमीचे मुरुमाचे तीन थर, प्रत्येक थर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. एकदम अर्धा मीटर मुरूम टाकून वरून रोलर फिरवणारे बरेच भेटतील. त्यांचा फक्त वरचा थर दाबला जातो, खालचा नंतर बसतो. वर १५० मिमी सोलिंग (दगडांचा थर), मग १२५ मिमी एम-२५ काँक्रीट. स्लॅबचा माल १.५ घनमीटर: साधारण १२ पोती सिमेंट, पाव ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) क्रश सँड, अर्ध्या ब्रासच्या आत खडी (२० मिमी तीन भाग, १० मिमी दोन भाग), ८ मिमी सळई २०० मिमीवर दोन्ही बाजूंनी, म्हणजे ५० किलोच्या आसपास. मुरूम तुकड्यापुरता अडीच ब्रास, कडांच्या जास्तीच्या खोदाईचा वेगळा धरा. पाणी पोत्याला २२-२३ लिटर, त्यावर नाही. मिस्त्री ‘माल वाहत नाही’ म्हणून बादली उचलेल. वाहण्यासाठी प्लास्टिसायझर वापरा, पाणी नको.

जुन्या आणि नव्या स्लॅबच्या सांध्यात १२ मिमी साध्या सळया, ४०० मिमी लांब, २५० मिमीवर. अर्धी लांबी जुन्या स्लॅबमध्ये भोक पाडून इपॉक्सीने बसवा, नव्या बाजूच्या अर्ध्या लांबीला ग्रीस. सांधा उघडा-मिटायला मोकळा राहतो, पण वर-खाली पायरी पडत नाही. दोन कडा मिळून सात मीटर, २८ सळया लागतील. पिळाची सळई वापरली तर ती दोन्हीकडे धरून बसते आणि तडा सांध्याऐवजी शेजारी पडतो.

काचेच्या पट्ट्यांजवळच्या खपल्यांचं कारण तुम्हीच लिहिलंय: कोणीतरी सिमेंट भरलं. ३० मीटर काँक्रीट हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ४० अंशांनी तापलं तर १२ मिमी लांबतं. ही वाढ सांध्यांमध्ये वाटली जाते. सांधा कडक मालाने भरला की वाढायला जागा उरत नाही आणि कडा उडतात. तिथलं सिमेंट कापून काढा आणि पॉलियुरेथेन सीलंट भरा, खाली फोमची दोरी घालून. कडकपणा शोअर ए ८० च्या आसपासचा मागा. खिडकीला वापरतात ते मऊ सीलंट चाकाखाली दबतं.

न हलणारे तडे वेगळे. ग्राइंडरने १० मिमी रुंद, १२ मिमी खोल खाच, ब्लोअरने धूळ साफ, मग इपॉक्सी आणि कोरडी सिलिका वाळू एकास चार. नुसती इपॉक्सी भरू नका, ती काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि उन्हाळ्यात सुटते. २० मीटर तड्याला पाच किलो माल पुरतो. थोडा उंच ठेवून दुसऱ्या दिवशी डायमंड कप व्हीलने घासून पातळीत आणा. हे काम पहाटे करा. तापमान दहा अंश वाढलं की इपॉक्सीचा हाताळायचा वेळ अर्धा होतो. दुपारी डब्यातच दगड होईल.

पश्चिमेच्या रॅम्पचा फुगवटाही त्याच कप व्हीलने घासता येईल, पण आधी सळईवर किती काँक्रीट आहे ते दोन भोकं पाडून बघा. २५ मिमीपेक्षा कमी राहणार असेल तर घासू नका, फुगवटा तसाच राहू द्या.

गुडघेफुटे

फुगवट्याबद्दल मी म्हणेन, राहूच द्या. एक मीटर रुंदीचा आहे, पोरं त्याला नाव ठेवतील आणि त्यावरून उडायला शिकतील. ९० सेंमीचा फलाट मात्र वाढवाच. मागे ३० सेंमी काँक्रीट जोडलंत तर ते खचेल, खाली भराव नसतो. ४० × ४० × ३ मिमी चौकोनी ट्यूबची फ्रेम करून वर ६ मिमी चेकर्ड प्लेट घ्या, आणि कठडा त्याच फ्रेमला जोडा. तिथे माणूस उभा राहतो, चाक फारसं जात नाही, त्यामुळे आवाजाचा प्रश्न नाही. पत्रा तापतो एवढं खरं.

जुळेसोलापूरकर

क्युरिंगचं काय? आमच्याकडे पाणी येतं त्या दिवशीही जेमतेम तास-दीड तास.

कोबाघोटाई

१२ चौरस मीटरवर २५ मिमी पाणी उभं करायला ३०० लिटर लागतात. वाफेला रोज शंभर लिटरच्या आत जातं. दोन ड्रम भरून ठेवले की पाणी येण्याच्या पाळ्या निभावतात. चारी कडांना सिमेंट-वाळूची आळी घाला. जिथे पाणी उभं राहणार नाही, म्हणजे रॅम्पचा ओठ आणि कट्टा, तिथे ओलं गोणपाट आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा. दहा दिवस तरी. आणि ओतायचं डिसेंबर-जानेवारीत, सकाळी. एप्रिलच्या दुपारी वारा सुटलेला असताना ओतलंत तर घोटाई संपायच्या आत वर तडे दिसतील, मग कितीही पाणी मारा.

आठचाकी_ताई

क्लास कधी सुरू करता येईल?

कोबाघोटाई

ताई, चारचाकी १४ दिवसांनी चालतील. कट्ट्यावर आणि पाइपावर बोर्ड घासणं २८ दिवसांनंतर. नव्या स्लॅबवर पहिले काही दिवस बारीक कच सुटेल. कोरडा झाडू किंवा ब्लोअर वापरा. ओल्या फडक्याने पुसलं तर चिखलाचा पातळ थर उरतो.

एमआयडीसी_फॅब

कच सुटायच्या दिवसांत बेअरिंग जपा. बहुतेक ६०८ नंबरचेच असतात, ८ मिमी आतून, २२ बाहेरून, ७ जाड. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. आपल्या धुळीत पत्र्याच्या झाकणाचे झेडझेड घेण्यापेक्षा रबरी सीलचे २-आरएस घ्या. सील सुईने उचलून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळा, पूर्ण वाळू द्या, मग यंत्रमागाचं स्पिंडल ऑइल दोन थेंब. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं. चार थेंब घातले तरी तेच होतं.